टिचकीचं परतीचं तिकीट

दोन वर्षांच्या आतलं मूल विमानात आईच्या मांडीवर बसतं, हा नियम ज्याने केला त्याच्या मांडीवर माझी टिचकी अकरा तास बसवली पाहिजे. उतरल्या उतरल्या तो नियमही फाडेल आणि नोकरीही सोडेल.

टिचकी म्हणजे माझी धाकटी. जन्मली तेव्हा टीचभर होती म्हणून टिचकी. निघालो तेव्हा एक वर्ष अकरा महिन्यांची होती आणि अंगात तीन पोरांचं वारं. पुढच्या सीटवरच्या गृहस्थांचं टक्कल तिने दोनदा थोपटलं, तिसऱ्यांदा चाटलं. शेजारच्या बाईंनी मला 'पोरांना वळण लावावं लागतं' हे तोंडाने नाही, पण नाकाने सांगितलं. मग हवाईसुंदरीने पोरीला गप्प करायला दाबलं की केकाटणारं एक रबरी बदक आणून दिलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! अकरा तासांत मी एकदाही पाय सरळ केला नाही.

हे सगळं कोणासाठी? तर ताईसाठी. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई दिवसभर कामावर, त्यामुळे माझ्या वेण्या घालणं, मला शाळेत सोडणं, माझ्या वतीने शेजारच्या पोरांशी भांडणं हे सगळं तिने केलं. मला 'मिरची' हे नावही तिनेच ठेवलं. दहा वर्षांपूर्वी लग्न करून ती परदेशी गेली. तीन वेळा दिवस राहिले, तिन्ही वेळा टिकले नाहीत. शेवटचं तर पाचव्या महिन्यात गेलं. त्यानंतर फोनवर ती हं-हं करायची आणि ठेवून द्यायची. मग आईने माझ्यामागे टुमणं लावलं, "जाऊन ये गं तिच्याकडे. पोरगी दाखवून आण. जरा बरं वाटेल तिला."

मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून माप येतं, त्यावरून आम्ही साचा काढायचा, मेणात एकेक दात बसवायचा आणि वरचा जबडा खालच्यावर नीट बसतोय का ते बघायचं. लॅबमध्ये आम्ही तिघंच, त्यामुळे पाच आठवड्यांची सुट्टी मागितली तेव्हा साहेबांचं तोंड मी त्यांचीच दाढ उपटल्यासारखं झालं. तरी मिळवली. सहा वर्षांच्या थोरल्याला नवऱ्याच्या हवाली केलं. तिकिटं भावजींनी तिकडूनच काढून पाठवली होती. जायचं तिकीट नवऱ्याने छापून आणलं आणि परतीचं तिकडे गेल्यावर बघू म्हणाला. मीही बरं म्हटलं. बापाचं संमतिपत्र लागतं म्हणून त्याने कुठल्याशा कागदांवर सह्याही केल्या. मी बॅगा भरत होते, कागद वाचायला सवड कोणाला होती?

विमानतळावर ताई आली ती हातात छोटा कोट घेऊनच. टिचकीला घातला तर बाह्या गुडघ्यापर्यंत. "अगं, केवढा आणलास!" मी म्हटलं. ती म्हणाली, "असू दे. पुढच्या हिवाळ्यात बरोबर बसेल." मला वाटलं, काटकसर. ताई आधीपासूनच तशी.

तिच्या घरी टिचकीसाठी वेगळी खोली होती. कठडा लावलेली लहान पलंगडी, खिडकीला नवीन जाळी, खणांमध्ये घडी घातलेले कपडे, वरच्या खणात आत्ताचे आणि खालच्या खणात मोठ्या मापाचे. ताईने एक वहीच केली होती. पोरगी किती वाजता उठते, काय खाते, केळं कुस्करून लागतं की तुकडे करून, रडली तर मी काय म्हणते, हे सगळं ती विचारून लिहून घ्यायची. मावशीचं कौतुक, दुसरं काय! मला हसू यायचं. "अगं परीक्षा आहे का तुझी?" म्हणून मी चिडवायचे, तर ती लाजायची.

दहा दिवसांत टिचकी तिला 'माऊ' म्हणायला लागली. माऊने भरवलं तरच जेवण, माऊने थोपटलं तरच झोप. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. दोन वर्षांनी मी दुपारची झोपले. गरम चहा गरम असताना प्यायले. एकदा ताईने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मिरचे, तुझे उपकार मी कुठल्या जन्मी फेडू गं?" मला वाटलं, विमानातल्या अकरा तासांबद्दल बोलतेय. मी म्हटलं, "पुढच्या वेळी तू ये म्हणजे फिटतील." ती हसली आणि हसता हसता रडली. मी आपली गाढव, तिला पाणी आणून दिलं.

चौथ्या आठवड्यात टिचकी दोन वर्षांची झाली. केक कापला. दुसऱ्या दिवशी सकाळी, शनिवारी, मी आणि भावजी टेबलाशी बसलो होतो. भावजी पाणीपुरवठा खात्यात गळती शोधतात. रस्त्यावर यंत्र ठेवून, कानाला लावून, जमिनीखाली पाइप कुठे फुटलाय ते बरोबर सांगतात. घरात मात्र त्यांना कोणाचं काही ऐकू येत नाही. मी म्हटलं, "भावजी, आता ती दोन वर्षांची झाली. परतीला तिला वेगळी सीट लागेल ना? खिडकीजवळची बघा. म्हणजे निदान एकाच बाजूच्या लोकांना त्रास."

त्यांचा चमचा वाटीतच राहिला.

"हिची... परतीची?"

"मग काय, सामानात टाकून नेऊ?"

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पुढच्या रविवारचं तिकीट. प्रवासी एक. माझं नाव होतं आणि त्याखाली कोरी जागा.

ताई टिचकीला कडेवर घेऊन स्वयंपाकघरातून आली. आमची तोंडं बघून थांबली. "काय झालं?" आणि मग माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात, कारण पोरगी पेंगत होती, म्हणाली, "मिरचे, असं काय करतेस? आईने तुला विचारलं होतं ना? तू हो म्हणालीस ना?"

"कशाला हो म्हणाले?"

"टिचकी आमच्याकडे राहणार म्हणून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण जेवढं आठवतं तेवढ्याचीही लाज वाटायला हवी, आणि वाटत नाही. मी तिच्या कडेवरून पोरगी खेचून घेतली. टिचकी दचकून उठली आणि तिने माऊ-माऊ करून टाहो फोडला. माझ्याच मांडीवर, माझीच पोरगी, माझ्यापासून सुटायला बघत होती.

मी तिथल्या तिथे आईला फोन लावला.

"तू ताईला काय सांगितलंस?"

आई जराही गडबडली नाही. "तूच म्हणाली होतीस. नको झालंय मला हे कारटं, कोणीतरी घेऊन जा, असं म्हणाली होतीस."

म्हणाले होते. टिचकी चार महिन्यांची होती, दोन्ही पोरं तापाने फणफणलेली, नवरा बाहेरगावी, मी दोन रात्री जागी. आई समोर कपड्यांच्या घड्या घालत होती. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. पण जगातली कुठली बाई असं कधी म्हणाली नाही? तसं धरून चाललं तर घरोघरची पोरं वाटून संपतील!

"आई, ते रागाने बोलले होते मी! तुला एवढंही कळत नाही?"

"तुझ्याकडे दोन आहेत. तिच्याकडे एक नाही. आणि मलाही दिलंच होतं की माझ्या आईने तिच्या बहिणीला. दीड वर्षाची होते मी. काय वाईट झालं माझं?"

आईला तिच्या मावशीने वाढवलं हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. घरात ते असं सांगितलं जायचं, जसं कोणी 'आम्ही पूर्वी दुसऱ्या गल्लीत राहायचो' असं सांगावं.

"तुझ्या आईला विचारलं होतं का कोणी?" मी ओरडले. "आणि मला का विचारलं नाहीस? दोन वर्षं समोर बसून जेवतेस, एकदा, एकदा तरी विचारायचंस!"

मग आई म्हणाली, "विचारलं की आई नाहीच म्हणते. म्हणून विचारायचं नसतं. एकदा नेऊन ठेवलं की होतं सगळं सुरळीत."

मी फोन आपटला आणि नवऱ्याला लावला. तो म्हणाला, "मला वाटलं तुम्हा मायलेकींचं बोलणं झालंय. तू एवढी शांतपणे बॅगा भरत होतीस."

"मी शांत? लग्नाला आठ वर्षं झाली, मला शांत कधी बघितलंस तू? आणि ते कागद? सही करताना हात नाही थरथरला?"

"आई म्हणाल्या, तिच्याजवळ विषय काढू नका, तिचा निश्चय मोडेल. मी रोज बाथरूममध्ये नळ सोडून रडायचो गं."

काय करायचं अशा माणसाचं! मूग गिळून नळ सोडून रडला, पण बायकोला 'खरंच का गं?' हे दोन शब्द विचारले नाहीत. अख्खं घर माझ्या पोरीबद्दल बोलत होतं आणि माझ्याशी बोलायची वेळ आली की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

फोन ठेवून वळले तर ताई दारात उभी. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्हणजे तू हो म्हणालीच नव्हतीस," ती म्हणाली.

"नाही."

"आई म्हणाली, तू आनंदाने देतेस. मी तिला तीनदा विचारलं, मिरचे. तीनदा."

"मला एकदा विचारायचंस!"

"भीती वाटली. फोनवर विचारलं आणि तू मागे फिरलीस तर?" मग तिने तोंडावर हात ठेवला आणि बोटांच्या आडून म्हणाली, "एक महिना ठेव. एकच महिना. मी स्वतः आणून सोडते."

"एक तासही नाही," मी म्हटलं. "माझ्या पोरीवर डोळा ठेवलास तू. खोली मांडून बसलीस. तुझी झाली नाहीत म्हणून माझी घेतेस?"

हे वाक्य मी बोलले. ज्या बाईने माझ्या वेण्या घातल्या तिला बोलले. ती आत गेली आणि दार लावून घेतलं, आपटलं नाही, लावलं. मला त्याचाच जास्त संताप आला. तिने भांडायला हवं होतं. चुकलेल्या माणसावर राग काढला की मोकळं होता येतं, पण ही चुकली होती कुठे? गेले चार महिने आई तिला सांगत होती की तुला मूल मिळणार आहे, आणि तिने खोली रंगवली. एवढंच.

भावजींनी दोन दिवस फोन करकरून त्याच विमानात टिचकीसाठी सीट मिळवली. आमच्यासाठी काढलेली उरलेल्या आठवड्याची सुट्टी ताईने रद्द केली. सकाळी पोरगी उठायच्या आत कामावर जायची. वही कुठे गेली कळलं नाही. टिचकी ताईच्या खोलीच्या बंद दारावर थापा मारायची, "माऊ, माऊ," आणि मग माझ्याकडे वळून मलाच चापट मारायची. मी दात-ओठ खाऊन बॅगा भरत होते. आईचे अकरा फोन आले. एकही घेतला नाही.

निघायच्या दिवशी ताई येणार नाही असंच मी धरलं होतं. पण ती गाडीत येऊन बसली. टिचकीने तिच्याकडे झेप घेतली ती विमानतळापर्यंत सुटली नाही. सामान दिलं, दोन पास घेतले, एकावर माझं नाव आणि एकावर टिचकीचं.

आत जायच्या फाटकाशी मी हात पुढे केले. "चल, टिचके." पोरीने मान फिरवली आणि ताईच्या गळ्याला मिठी मारली. मी ओढलं. तिने ताईचा स्वेटर दोन्ही मुठींत धरला आणि किंचाळायला लागली. लोक बघायला लागले. पहारेकऱ्याने मला विचारलं, "मूल कोणाचं आहे?" मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मी कागद पुढे केले.

तेव्हा ताईने टिचकीच्या मुठीवर हात ठेवला आणि एकेक बोट उघडायला लागली. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. बोट उघडलं की पोरगी पुन्हा आवळायची, की ताई पुन्हा उघडायची. अजिबात घाई न करता. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती म्हणत होती, "तुझी आई आहे ना ती. जा. आईकडे जा." दोन्ही मुठी रिकाम्या झाल्यावर तिने पोरगी माझ्या खांद्यावर दिली.

"ताई," मी म्हटलं. क्षमा मागायची की अजून भांडायचं तेच ठरत नव्हतं.

"जा आता," ती म्हणाली. "आणि मागे बघू नकोस. बघितलंस तर मी पुन्हा मागेन."

मी चालायला लागले आणि मागे बघितलं नाही. पण टिचकीचं तोंड मागेच होतं. बरंच पुढे गेल्यावर तिने रडता रडता हात वर केला आणि हलवत राहिली, त्यावरून मला कळलं की ताई अजून तिथेच उभी आहे.