पुतण्यानं शुद्ध केलेली विहीर

"पिऊ नको ते!"

कुमार असा ओरडला की गोठ्यातल्या म्हशीनंही मान वर केली. विहिरीच्या कट्ट्यावर उभ्या असलेल्या आरोहीच्या, म्हणजे शहरातून त्याच्याबरोबर आलेल्या लेकीच्या, हातातला तांब्या त्यानं हिसकावला आणि पाणी मातीत ओतलं.

अंबादास बघतच राहिला. ते पाणी त्यानंच शेंदून दिलं होतं.

"का रं? आपल्याच हिरीचं हाय. तूच शुद्ध केलंयस न्हवं?"

"तिला सवय न्हाय, काका," कुमार म्हणाला, पण नजर काही वर उचलेना.

ही विहीर म्हणजे येरमाळ्याजवळच्या त्या वस्तीचं जुनं दुखणं. सगळ्यांनी वर्षानुवर्षं फवारणीचे पंप तिच्याच काठावर धुतले, विष आत झिरपत गेलं आणि शेवटी तिचं पाणी कुणी तोंडात घेईना. बाया हंडे घेऊन पार हायवेपर्यंत जायच्या. मग कुमार आला. अंबादासनं पोटच्या पोरासारखा वाढवलेला, धाराशिवला शिकलेला पुतण्या! त्यानं गोठ्यामागं पिंपं मांडली. सोयाबीनचं भुसकट कुजवून त्यावर जिवाणू वाढवायचे, त्यांच्यापासून निघणारं एन्झाइम विहिरीत सोडायचं, ते विषाचे तुकडे करतं, असं त्यानं समजावलं. अंबादासला एवढंच कळलं की पोरगं पांग फेडतंय. पिंपं अंबादासच ढवळायचा; अंगाला असा वास यायचा की बायको अनसूया नाकाला पदर लावून म्हणायची, "आता गोठ्यातच झोपा तुमी." तरी गडी खूश.

पाणी तपासून आलं, शुद्ध निघालं. वस्तीच्या रीतीनं कर्त्या माणसानं आधी प्यायचं असतं. अंबादासनं हळदकुंकू वाहिलं, ओंजळभर प्यायला, तेव्हा कुठं बाया पुढं झाल्या.

"वर बघ," अंबादास आता कुमारला म्हणाला. "काय लपवतुयास?"

"एन्झाइम काम करतंय, काका. पण सावकाश. हे काम बघायला वरचे सायेब यायचे होते, माझ्या प्रकल्पाला मंजुरी पाहिजे होती... तपासायला दिलं ते विकतच्या जारचं पाणी होतं."

"आन् आमाला पिऊ दिलंस?"

"थोडं थोडं पोटात गेलं तर लगेच काय होत न्हाय."

"मग तिच्या हातातलं का वतलंस? तुझी काकू रोज पितीया की रं!" अंबादासचा आवाज फाटला. परक्यानं केलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळा झाला असता. हे तर मांडीवर वाढलेलं!

"इतक्यात कुणाला बोलू नका," कुमारनं हात जोडले. अंबादासनं त्याच्या गाडीकडं बोट दाखवलं.

उन्हं कलली तशी शेजारची म्हातारी विठाबाई हंडा घेऊन आली. विहिरीच्या तोंडावर बाभळीच्या काट्या रचलेल्या आणि अंबादास आडवा उभा.

"पाणी वाईट हाय, विठाक्का. भरू नगा."

"अगं बया! नातवंडं पितेत की आमची. तपासून चांगलं निघालं हुतं न्हवं? कुणी फशिवलं रं?"

कुमारचं नाव ओठांपर्यंत आलं होतं.

"म्या," अंबादास म्हणाला. "माझ्या भरवशावर पिलात तुमी."

विठाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग रिकामा हंडा काखेला लावून ती हायवेच्या वाटेला लागली. मागून आणखी बाया येत होत्या. अंबादासनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तिथंच उभा राहिला.