बॉनेटवरचं आवाळू

सेलूच्या वकीलगल्लीत मोटार म्हणावी अशी एकच होती आणि तिला दोनच सीटा होत्या. घरातली सगळी माणसं हा तिचा दोष मानत. एकट्या रुख्मिणीला तो तिचा सगळ्यात मोठा गुण वाटे. चार सीटा असत्या तर दर रविवारी मागं सासूबाई, सासूबाईंची धाकटी बहीण आणि तिच्या मांडीवर लोणच्याची बरणी बसली असती. दोन सीटांत नवरा-बायको बसले की गाडी भरली, विषय संपला.

गाडी होती लाल, विलायती, उघड्या टपाची. रुख्मिणीचे यजमान दत्तराव वकील यांनी ती हैदराबादेतल्या एका जहागीरदाराकडून घेतली होती. इंजिनाला एकाला दोन कार्बोरेटर. पाथरीच्या रस्त्याला लागली की ती अशी सुटायची, की समोरची एस.टी. बघता बघता पाठीमागं दिसायला लागायची. रुख्मिणी पदर कमरेला घट्ट खोचायची, कानाला रुमाल बांधायची आणि वाऱ्याच्या आवाजात मोठ्यानं काहीबाही बोलून घ्यायची. ऐकू कुणालाच यायचं नाही, म्हणून तर मजा. सहा दिवस सासूबाईंच्या नजरेखाली तोलून-मापून बोलणाऱ्या बाईला हे रविवारचे दोन तास म्हणजे माहेर होतं.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात गाडी निळा धूर सोडायला लागली आणि हे माहेर बंद पडलं.

स्टेशन रोडवर आश्रुबाचं गॅरेज होतं. परभणीच्या डेपोत तो बरीच वर्षं फिटर होता, मग स्वतःचं काढलं. पत्र्याची शेड, आत बुद्धाची एक तसबीर आणि पान्हे असे ओळीनं टांगलेले की डोळे मिटून हात घातला तरी हवा तोच हाती यावा. त्यानं इंजिन उघडलं, तेव्हा पिस्टनच्या रिंगा पार झिजलेल्या निघाल्या. दत्तरावांनी हैदराबाद पालथं घातलं, चार महिने पत्रं लिहिली आणि एक जोड मिळवला. देणाऱ्यानं बजावून सांगितलं, हा शेवटचा. बाहेरून माल येणं बंद झालंय, पुन्हा झिजल्या तर गाडी अंगणात उभी करून तिच्यात तुळस लावा.

आश्रुबानं रिंगा बसवल्या, पण गाडी देईना. दत्तराव तावातावानं गॅरेजात गेले, बरोबर रुख्मिणीही गेली. आश्रुबानं इंजिनाला हवा पुरवणाऱ्या कार्बोरेटरच्या गळ्यात बोट फिरवलं आणि बोटावरचं जे आलं ते खुशाल दाताखाली धरलं. कर्र असा आवाज रुख्मिणीलासुद्धा ऐकू आला.

"माती हाय, साहेब. ह्या गाडीनं पाथरीचा रस्ता अर्धा तुडवला न् अर्धा खाल्ला. त्यानंच रिंगा झिजल्या." त्यानं जुने फिल्टर पुढं टाकले. जाळीच्या दोन गंजक्या डब्या, त्यांतून हरभरा गेला असता. "हवा चांगली गाळंल असा फिल्टर ठरल्याबिगर म्या गाडी देत न्हाई. न्यायची तर दुसऱ्याकडून जोडून घ्या."

सेलूत दुसरा कोण होता? पण असता तरी तो हेच बोलला असता, हे रुख्मिणीला त्याच्या तोंडावरून कळलं, आणि तिला तो माणूस एकदम आवडून गेला. पोट ज्याच्यावर त्या गिऱ्हाइकाला असं तोंडावर सांगायचं म्हणजे छातीत काहीतरी लागतं. मागं एकदा तो घरी गाडी बघायला आला होता, तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे चतुराबाईंनी, त्याच्यासाठी कोनाड्यातला वेगळा कप काढला. "चहा सोडलाय, आई," असं म्हणून तो हसत उठला. दुसऱ्या दिवशी बाजारातून जाताना रुख्मिणीला तो गॅरेजाच्या दारात बशीत ओतून चहा फुरके मारत पिताना दिसला. तिनं मान खाली घातली होती. ती शरम तिच्या मनातून अजून गेली नव्हती.

फिल्टर निवडायचा तर दत्तरावांची निवड तयारच होती. त्यांनी मुंबईहून दोन चकचकीत कर्णे मागवले होते. शर्यतीच्या गाड्यांना असतात तसे, कार्बोरेटरच्या तोंडाला लावायचे, जाळी नाही न् काही नाही. "इंजिनाला मोकळा श्वास पाहिजे," दत्तराव कोर्टात बोलावं तसं बोलले.

"श्वास पाहिजेच की. पर धुरळ्यात तोंड उघडं टाकून पळलं तर माणूसबी खोकतंय," आश्रुबा म्हणाला. मग त्यानं वाद घालायचं सोडून दिलं आणि रुख्मिणीकडं वळला. "बाई, घरात पांढरं मऊ कापड हाय का जुनं? न् साहेबांचं घड्याळ तुमच्या हातात बांधा. आपण बोलायचं न्हाई, गाडीलाच बोलू देऊ."

त्याची रीत साधी होती. कार्बोरेटरच्या गळ्याला आतून ग्रीसचा पातळ हात द्यायचा. पाथरीच्या रस्त्यावर पाच किलोमीटरच्या दगडांमध्ये गाडी पळवायची, वेळ रुख्मिणीनं मोजायची. परत आल्यावर ग्रीस पांढऱ्या कापडानं पुसून घ्यायचं. जो फिल्टर धूळ अडवणार नाही त्याचं पाप कापडावर दिसेल. जो श्वास कोंडेल त्याचं घड्याळात.

पहिली फेरी कर्ण्यांची. नव्या रिंगांसाठी आश्रुबाचा जीव तुटत होता, तरी एकदाच म्हणून त्यानं सोडली. गाडी काय गेली! रुख्मिणीच्या हातातल्या घड्याळात तीनच मिनिटं झाली आणि दत्तराव मिशीत हसले. गॅरेजात येऊन आश्रुबानं कापड फिरवलं. काळ्या रानातून वखर फिरवावा तसा पट्टा उमटला. दत्तराव हसायचे थांबले. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

दुसरी फेरी तेलाच्या फिल्टरची. एका जुन्या मोटारीचा होता. डब्यात तेल असतं, धूळ त्यात बुडते. कापड बऱ्यापैकी स्वच्छ निघालं, पण गाडी दमेकऱ्यानं जिना चढावा तशी चालली. चार मिनिटं उलटून गेली, वर वळणावर तेल हिंदकळलं ते वेगळंच.

तिसरा फिल्टर आश्रुबानं बारदानातून काढला. चांगला घागरीएवढा डबा. पाथरीकडं कालव्याचं काम चाललं होतं, तिथल्या माती उकरणाऱ्या मशीनचा, खोक्यातला कोरा. आत जाड कागद, त्याला गोल फिरत शेकडो बारीक घड्या.

"एवढा जाड कागद? ह्यातून कुठली हवा जाते," दत्तराव म्हणाले. "तेलाच्या डब्यानं गुदमरली, ह्यानं तर जीवच जाईल."

रुख्मिणीनं घड्यांवरून बोट फिरवलं. "निऱ्या आहेत ह्या," ती म्हणाली.

"काय?"

"लुगड्याच्या निऱ्या. नऊ वार लुगडं असं घड्या घालूनच कमरेत मावतं. हा कागद उलगडला तर केवढा होईल! एका जागेतून हवेला जोर लावून घुसावं लागणार नाही. थोडी थोडी सगळीकडून जाईल."

आश्रुबा तिच्याकडं बघतच राहिला. "म्या साहेबांना हेच सांगणार व्हतो, पर मला असं सांगता आलं नसतं."

रुख्मिणी लाजली, पण खरं सांगायचं तर तिला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

अडचण एकच होती. डबा बॉनेटखाली मावेना. आश्रुबानं तात्पुरता जुगाड केला. रबरी नळी इंजिनामागच्या पत्र्याच्या भोकातून डाव्या सीटपुढं काढली आणि डबा रुख्मिणीच्या मांडीवर दिला. पाय वर आखडून, डब्याला मिठी मारून ती बसली. गाडी सुटली तसा डबा घूं घूं करत हवा ओढायला लागला आणि तिचा पदरच त्याच्या तोंडाला जाऊन चिकटला. ती सोडवायची, तो परत ओढायचा. पाचव्या दगडापाशी ती हसून हसून रडायला आली होती. घड्याळात तीन मिनिटं आणि वर चार सेकंद झाली होती. आश्रुबानं कापड फिरवून उन्हात धरलं, तर ते ग्रीसनं ओलं झालं होतं तेवढंच. डाग नाही.

"वा!" दत्तरावांनी आश्रुबाच्या पाठीवर थाप मारली. "मग प्रश्नच मिटला. डबा आहे तिथंच पक्का करून टाक."

"आन बाई?"

"बाईंचं काय? आठवड्यातून एकदा तर जायचं असतं. टांगा आहे, एस.टी. आहे."

रुख्मिणीचं हसू जिथल्या तिथं विरलं. तिला राग आला नाही, भीती वाटली. रविवार संपला, एवढंच तिला समजलं. नवरा वाईट नव्हता. वाईट असता तर निदान भांडता आलं असतं. तिनं पदर झटकला आणि ती गाडीतून उतरली.

आश्रुबा डोकं खाजवत म्हणाला, "दुसरी बी एक वाट हाय. बाजूनं बॉनेट कापायचं. डबा निम्मा भाईर राहील. दिसायला खराब दिसंल, पर काम चोख हुईल."

"बॉनेट?" दत्तराव किंचाळलेच. "त्यापेक्षा माझा कान काप!"

आश्रुबानं हात पुसले आणि तो स्टीअरिंगच्या सीटवर जाऊन बसला. "साहेब, डबा तिथंच पक्का करायचा तर त्या जागंची बी चाचणी व्हाया पाहिजे. बाई बसल्या, आता एक डाव तुमी बसा. म्या चालवतो."

चाचणी ह्या शब्दाला वकिलाला नाही म्हणता येईना. दत्तराव उंचेपुरे. गुडघे हनुवटीला लागले, डबा छातीशी आला. गाडी गेली.

रुख्मिणी गॅरेजात एका टायरवर बसली. सुतळीवर तीन कापडं वाळत होती. आश्रुबानं तिच्या बाजूनं वाद घातला नव्हता, आणि तरी जे करायचं ते करून बसला होता. असं वागायला हा माणूस कुठं शिकला असेल, ह्याचंच तिला नवल वाटत होतं. सोनारानंच कान टोचलेले बरे म्हणतात, ते खोटं नाही.

गाडी परत आली. आश्रुबानं नेहमीसारखीच चालवली होती, ना जास्त धक्के ना कमी. पण दत्तरावांच्या गळ्यातलं उपरणं डब्यात अर्धं गेलं होतं आणि ते उतरायचं विसरून तसेच बसून होते.

"इथून रस्ताच दिसत नाही," ते म्हणाले. "नुसता डबा दिसतो." मग त्यांनी रुख्मिणीकडं पाहिलं. "आणि तू मघाशी इतकी हसत कशी आलीस?"

"मला वाटलं, एकाच फेरीपुरतं आहे," रुख्मिणी म्हणाली.

दत्तरावांनी उपरणं डब्यातून ओढून काढलं, घडी केलं, परत मोडलं. मग गुडघे सोडवत उतरले, फळीवरचा खडू उचलला आणि त्या लाल, गुळगुळीत पत्र्यावर स्वतःच्या हातानं गोल काढला. गोल वाकडा आला.

"साहेब, एकदा कापलं की जोडता येत न्हाई," आश्रुबानं हळूच सांगितलं.

"काप."

"चहा सांगू का आधी?"

"सांग. आम्हा दोघांनाही सांग," रुख्मिणीच म्हणाली. चहा आला आणि तिघांनी तो टपरीच्या एकसारख्या ग्लासांतून घेतला. मग आश्रुबानं छिन्नी लावली. पहिल्या ठोक्याला दत्तरावांनी डोळे मिटून घेतले. रुख्मिणीनं मात्र नीट डोळे उघडे ठेवून बघितलं. लग्नात अंगावर घातलेले दागिनेही तिला कधी ह्या कापलेल्या पत्र्याइतके आपले वाटले नव्हते.

पुढच्या रविवारी गाडी निघाली. इंजिन कसं छान घुमत होतं, धुराचा मागमूस नव्हता. पण कापूस मार्केटच्या नाक्यावर गाड्यांच्या गर्दीत थांबावं लागलं आणि माणसं जमली. जिनिंगवाले माणिकराव पुढं आले, बॉनेटमधून बाहेर आलेला काळा डबा त्यांनी मान वाकडी करून पाहिला.

"वकीलसाहेब, गाडीला आवाळू आलं की हो!"

सगळा नाका हसला. दत्तरावांचे कान लाल झाले. ह्या गाडीच्या रूपावर त्यांनी सात वर्षं मान ताठ ठेवून सेलूतून फिरून घेतलं होतं, हे रुख्मिणीला माहीत होतं. आता हे गाडी दामटतील, नाहीतर घरी वळवतील, आणि उद्या डबा पुन्हा डाव्या सीटपुढं येईल, असं वाटून तिनं दाराची कड घट्ट धरली. समोरच्या बैलगाड्या हलल्या, रस्ता मोकळा झाला, तरी दत्तरावांनी गाडी पुढं घेतली नाही.

"आवाळू नाही, माणिकराव," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "आमच्या मंडळींची सीट आहे ती."

आणि त्यांनी गाडी पाथरीच्या रस्त्याला घातली.