नॉर्बर्टला पिस्तूल पसंत पडत नव्हतं

"हे दे," नॉर्बर्ट म्हणाला.

"कुठलं हे?" अर्डिथनं विचारलं.

"हेच. समोरचं." त्यानं काचेवर बोट टेकवलं आणि लगेच उचलून घेतलं, काच मळू नये अशा बेतानं.

मी कॉफीच्या यंत्राशेजारच्या माझ्या खुर्चीत होतो. ती खुर्ची दुकानाची आहे, पण निवृत्त झाल्यापासून सकाळी तिच्यात दुसरं कुणी बसत नाही. धान्याच्या कोठारात जन्मभर मी इतरांच्या गव्हाचा हिशेब ठेवला. आता फुकटची कॉफी पितो आणि गिऱ्हाइकांचा ठेवतो. कोण विकत घ्यायला आलाय, कोण नुसता हाताळायला, कोण बायकोशी भांडून वेळ काढायला आलाय, हे मी दारातूनच सांगू शकतो. नॉर्बर्ट लायकरच्या बाबतीत मात्र माझा हिशेब साफ चुकला.

त्यानं बोट ठेवलं होतं ते जुन्या लष्करी घाटाचं पिस्तूल होतं. आमच्याकडे त्याला कुणी पिस्तूल म्हणत नाही, सालावरूनच ओळखतात. नाइन्टीन-इलेव्हन. शंभर वर्षांपूर्वीचा घाट, सगळं पोलाद, मुठीला लाकूड, हातात घेतलं की खांद्यापर्यंत वजन कळतं. आणि ज्याला आयुष्यातलं पहिलं नाइन्टीन-इलेव्हन घ्यायचं असतं, त्याच्याइतका छळवादी इसम कॅन्ससमध्ये दुसरा नसेल. तो घर बांधताना विचारणार नाही इतके प्रश्न विचारतो. काळं घेऊ की चकचकीत? नळी लांब की आखूड? मुठीला अक्रोड की शिसवी? चार महिने दर शनिवारी येतो आणि शेवटी पहिल्या दिवशी पाहिलेलंच घेऊन जातो. त्यातच त्याची गंमत असते.

नॉर्बर्टनं काही विचारलं नाही. पिस्तूल हातातही घेतलं नाही.

"गोळ्या लागतील," अर्डिथ म्हणाली. "डबी पन्नासची येते."

"एवढ्या कशाला? थोड्या सुट्या नाहीत?"

अर्डिथचा हात किल्ल्यांवर होता, तो तिथंच राहिला.

"सुट्या नाही देत. आणि साफ करायचं सामान? तेल, ब्रश?"

"ते राहू दे."

ट्रेंट, म्हणजे अर्डिथच्या बहिणीचा मुलगा आणि आता दुकानाचा मालक, मागच्या खोलीतून फॉर्म घेऊन आला. "मिस्टर लायकर, एवढं भरा. फोनवर तपासणी होते, दहा मिनिटांत तुम्ही मोकळे."

"थांब," अर्डिथ म्हणाली. "नॉर्बर्ट, हात दे तुझा. उजवा."

तिनं ते पिस्तूल उघडून, आत गोळी नाही हे दोनदा बघून त्याच्या तळव्यावर ठेवलं. नॉर्बर्टचे हात मोठे. काउंटीच्या मातीच्या रस्त्यांवर त्यानं जन्मभर ग्रेडर चालवला, पातं लावून खडी सारखी करण्याचं काम. बोटांची पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी गाठाळलेली.

"बघ, मुठीमागची ही जीभ तळव्यानं पूर्ण दाबली जायला हवी. तुझ्या हातात पोकळी राहते. ती दाबली नाही तर चाप ओढून काही होत नाही. हे तुझ्या मापाचं नाही."

"चालेल मला."

"तुला चालेल, मला नाही चालणार. न बसणारं विकलं की माझं नाव जातं. गुरुवारी एक जुनं येणार आहे, ते बघ आधी."

"मावशी," ट्रेंट म्हणाला, "गिऱ्हाईक पैसे काढून उभं आहे."

"तू फोन घे, ट्रेंट."

फोन वाजत नव्हता. तरी ट्रेंट आत गेला. एकवीस वर्षं त्या काउंटरमागे उभ्या असलेल्या बाईशी पुतण्या-भाच्यांनी किती बोलायचं, याला मर्यादा असते. नॉर्बर्टनं टोपी घातली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेला.

"चांगलं गिऱ्हाईक घालवलंस," मी म्हणालो. "आणि माणूसही किती नेटका. गेल्या शनिवारी गावभर फिरून सगळ्यांची भांडी परत करून आला. आमच्या वहिनीचंही आलं. धुऊन, पुसून, झाकणासकट."

रोझालिया, त्याची बायको, एप्रिलमध्ये गेली. तेव्हापासून चर्चच्या बायका त्याच्याकडे काहीबाही पोचवत होत्या. नूडल्स, कोबी-मटण भरलेले पाव. भांड्याच्या बुडाला नावाची पट्टी चिकटवलेली असते. आमच्या गावात विधुराकडे गेलेलं भांडं सहसा परत येत नाही, त्याच्या दुसऱ्या लग्नात तेवढं दिसतं.

अर्डिथ काच पुसत होती. स्वच्छच होती ती. "व्हर्जिल, तू खातं कधी बंद करायचास?"

"व्यवहार संपला की."

ती पुसत राहिली. मला लगेच उमगलं असं मी म्हणणार नाही. हातातली कॉफी गार झाली तेव्हा उमगलं.

दोन वर्षांपूर्वी असाच एकजण आला होता, शेजारच्या गावचा. काही न विचारता घेऊन गेला. पंधरवड्यानं, त्याचं दफन झाल्यावर, त्याची बहीण कागदी पिशवीत खोका घेऊन आली आणि हे परत घेता का म्हणाली. पावती तिनं जपून आणली होती. ट्रेंट वापरलेल्या मालाच्या नियमाबद्दल बोलू लागला, तेव्हा अर्डिथनं त्याला बाहेर बर्फ सारायला पाठवलं होतं. ऑक्टोबर होता, बर्फ पडायचा होता.

"फादरना सांग," मी म्हणालो.

"सांगणारच आहे. पण फादरना तो कॉफी पाजेल आणि दारापर्यंत पोचवेल."

तसंच झालं. फादर आम्हाला म्हणाले, बरा दिसतो, घर तर आरशासारखं ठेवलंय. अर्डिथ म्हणाली, त्याचंच तर भय वाटतं.

"चाळीस मैलांवर मोठं दुकान आहे," मी म्हणालो. "तिथं कुणी हात बघत नाही."

"म्हणूनच त्याला काहीतरी बघायचं राहिलेलं हवं. गुरुवारी जुनं येणार आहे म्हटलंय मी."

"कुठून येणार?"

ती माझ्याकडे बघत राहिली.

"ते माझ्या वडिलांचं आहे," मी म्हणालो. "विकायचं नाही."

"विकायला कोण सांगतंय? दाखवायचंय. तू कशाला घाबरतोस, तुझ्याकडून फुकट काही घेता येत नाही हे गावाला माहीत आहे."

गुरुवारी नॉर्बर्ट आला. येईल असं मला वाटलं नव्हतं, अर्डिथलाही नसावं, कारण दाराची घंटा वाजली तेव्हा तिनं आधी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. तिनं माझ्या वडिलांचं पिस्तूल हिरव्या फडक्यावर ठेवलं. नॉर्बर्टनं हात लावला नाही, तेव्हा तिनं ते उचलून त्याच्या हातातच दिलं. मग त्यानं ते खिडकीकडे नेलं आणि आडवं धरून एका डोळ्यानं बघितलं. रस्त्याचा उतार बघायची त्याची सवय तशीच होती.

"हे काय?" तो म्हणाला.

चापाच्या वर पोलादावर एक अर्धवर्तुळाकार ओरखडा आहे. हे पिस्तूल साफ करायला खोललं की शेवटी एक छोटा खटका परत बसवायचा असतो. घाई केली की तो घसरतो आणि कायमची रेघ ओढून जातो. आमच्याकडे त्या रेघेला जे नाव आहे त्याचा सभ्य अर्थ 'गाढवाची सही' असा होईल. ज्याच्या पिस्तुलावर ती असते, त्याला लोक मरेपर्यंत सोडत नाहीत.

"व्हर्जिलनं केलंय," अर्डिथ म्हणाली. "एकोणीस वर्षांचा असताना. वडील जेवायला बसले होते, ते उठायच्या आत जोडून दाखवायचं होतं याला."

नॉर्बर्टनं माझ्याकडे पाहिलं. "आणि तुला गावानं हिशेब ठेवायला दिला?"

तो हसला नाही. पण एप्रिलपासून त्यानं कुणाची चेष्टा केल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं. वडिलांच्या पिस्तुलाचा मला प्रथमच काही उपयोग झाल्यासारखा वाटला.

"एवढी रेघ मी रस्त्यात सोडली असती तर लोकांनी फोन केले असते," तो म्हणाला आणि पिस्तूल फडक्यावर परत ठेवलं, नीट सरळ. "हे नको."

"मग कसं हवं?" अर्डिथनं विचारलं.

त्यावर त्याला उत्तर द्यावं लागलं. असं करत करत तिनं त्याला गिऱ्हाईक बनवलं. एका गुरुवारी तिनं सांगितलं की मागचा घोडा त्याच्या अंगठ्याजवळचं मांस चावेल, वर रुंद शेपूट असलेलं घ्यावं लागेल. पुढच्या गुरुवारी रुंद शेपटाचं आलं तर त्याला ते बदकासारखं दिसलं. मग चकचकीत आलं. ते त्याला दवाखान्यातल्या भांड्यासारखं वाटलं, आणि तसं म्हणून त्यानं ते खाली ठेवलं. अर्डिथनं ते लगेच आत नेऊन ठेवलं. मी त्याच्यासाठी कॉफी ओतली. बाहेर वारा होता, मैदानावरून येणारा, कुठंच न अडणारा. आम्ही दोघं त्याचा आवाज ऐकत बसलो.

"रोझालियाला घरात बंदूक चालायची नाही," तो म्हणाला. "तिचा भाऊ शिकारीत गेला."

"माहीत आहे."

"आता काय. आता कुणाला काय."

मी त्याला विचारलं की साखर हवी का. एवढ्या वर्षांत त्यानं कधी साखर घेतलेली नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

सगळे गुरुवार असे नव्हते. नाताळच्या आठवड्यात तो आलाच नाही. अर्डिथ दुपारी काउंटर ट्रेंटवर सोडून गाडी घेऊन गेली. परतली तेव्हा कोट न काढता बसली. तो घरी होता म्हणे, स्वयंपाकघरात, दिवा न लावता. तिनं त्याला विचारलं, मुठीला अक्रोड की शिसवी, ठरवलंस का? मला मागणी नोंदवायची आहे. तो म्हणाला, अक्रोड.

"एवढंच?"

"एवढंच. मग मी दिवा लावला आणि आले."

फेब्रुवारीत अक्रोडाची मूठ आली. नॉर्बर्टनं खिडकीपाशी नेऊन बघितली. "दोन बाजूंच्या रेषा जुळत नाहीत. रोझालियाचं लाटणं याच्यापेक्षा बरं होतं." ती परत गेली. दुसरी आली. ती त्यानं बराच वेळ अंगठ्यानं चोळली, मग किंमत विचारली.

अर्डिथनं सांगितली.

"ही दरोडेखोरी आहे," नॉर्बर्ट म्हणाला. "लाकडाच्या दोन ढलप्यांना?"

पहिल्या दिवशी त्यानं किमतीची चिठ्ठी उलटूनही पाहिली नव्हती. आता तो ट्रेंटशी अर्धा तास घासाघीस करत उभा होता, आणि ट्रेंट, बिचारा, मनापासून वैतागला होता. अर्डिथ काहीतरी शोधायला मागच्या खोलीत गेली आणि बराच वेळ तिला ते सापडलं नाही. उद्याची ज्याला पर्वा नाही तो घासाघीस करत नाही, असा माझा अनुभव आहे. पण माझे अनुभव किती भरवशाचे हे या गोष्टीत आलंच आहे, म्हणून मी गप्प राहिलो.

ती मूठ बसवलेल्या पिस्तुलाचा फॉर्म भरला गेला. ट्रेंटनं फोन केला. नॉर्बर्टनं तेल घेतलं, ब्रश घेतला, फडकी घेतली, पन्नासची डबी घेतली. हे सगळं आता त्याचं होतं, कायद्यानं आणि पैशानं, आणि अर्डिथकडे नाही म्हणायला काही उरलं नव्हतं. तिनं खोका त्याच्यासमोर सरकवला. तिचा हात मात्र खोक्यावरच राहिला होता.

नॉर्बर्टनं त्या हाताकडे पाहिलं.

"तुमच्या तिजोरीत जागा आहे का?" त्यानं विचारलं.

"आहे."

"मग इथंच राहू दे. गुरुवारी येऊन साफ करीन, तुमच्या मागच्या नेमबाजीच्या मैदानात चालवीन."

"घरी नाही नेत?" ट्रेंटनं विचारलं.

नॉर्बर्ट हातमोजे घालत होता. एकेक बोट नीट बसवून.

"घरी अजून अंधार लवकर पडतो," तो म्हणाला.

अर्डिथनं खोका उचलला, तेल आणि गोळ्याही उचलल्या आणि आत गेली. तिजोरीचं दार लागल्याचा आवाज आला. तो आवाज येईपर्यंत नॉर्बर्ट थांबला. मग माझ्याकडे बघून मान हलवली आणि निघाला. दोन्ही हात रिकामे होते. तरी दार त्यानं खांद्यानंच ढकललं, हात भरलेला माणूस ढकलतो तसं, आणि वाऱ्यात गेला.