दाराबाहेरची क्लॅरनेट

ऐन लग्नसराईत वीरेशला गालगुंड झालं आणि हुलसूरच्या हणमंतप्पांच्या बँडातली क्लॅरनेट मुकी झाली. दोन्ही गाल पुरीसारखे फुगलेले. फुंकणं राहू द्या, पठ्ठ्याला आंबील गिळता येईना. दुसऱ्या दिवशी बिदरची सुपारी होती, आणि मे महिन्यात मोकळा बसलेला क्लॅरनेटवाला शोधून सापडत नसतो.

क्लॅरनेट येणारं आणखी एक माणूस घरातच होतं. हणमंतप्पांची मुलगी शिवलीला. बापाच्याच हाताखाली शिकलेली, आणि चुलतभाऊ वीरेशपेक्षा काकणभर सरस. हे वीरेशसुद्धा कबूल करायचा. बँडाचे लाल कोट तीच शिवायची, सोनेरी झालरी तीच लावायची. पण कोट अंगात घालून वरातीत उभं राहायची गोष्ट निघाली की हणमंतप्पांचा चेहरा कारलं चावल्यासारखा व्हायचा. बाईमाणूस बँडात दिसलं की लोक बोलतात, लोक बोलले की सुपाऱ्या जातात, एवढं साधं त्यांचं म्हणणं. ती चिडली, रडली, अबोला धरून बसली. म्हातारा काही हलला नाही.

त्या संध्याकाळी मात्र ते स्वतःच शिलाई मशीनजवळ येऊन उभे राहिले.

"वीरेशचा कोट बारीक करून घे," ते म्हणाले. "उद्याच्याला तू चल. ढोलाच्या माग उबारायचं. पर ऐकून ठेव, येक माणूस जरी म्हनला की हिला कामून आणलं, तर क्लॅरनेट पेटीत गेली म्हून समज. कायमची."

"व्हय अप्पा," शिवलीला म्हणाली आणि कोट उसवायला घेतला. आजवर सगळ्या बँडाचे कोट शिवले होते तिनं, पण स्वतःचं माप घ्यायची वेळ कधी आली नव्हती.

बिदरचं काम लग्नाचं नव्हतं. बंगळूरहून परतलेल्या श्रीशैल नावाच्या तरुणानं डोक्यात घेतलं होतं की भर उन्हाळ्यात बिदरात जॅझचा महोत्सव भरवायचा. जॅझ म्हणजे काय हे गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मोठं सभागृह त्याला परवडणारं नव्हतं. मग त्यानं गावातल्याच जागा धरल्या. सकाळी एका खानावळीची माडी, दुपारी मंगल कार्यालय, संध्याकाळी वाचनालयाचं अंगण. लोकांना एका जागेवरून दुसऱ्या जागी वाजतगाजत न्यायला हणमंतप्पांचा बँड. आत वाजवणार गोव्याचे पाहुणे. बँडानं फक्त रस्ता वाजवायचा.

मंगल कार्यालयात पोचल्यावर पाहुणे आत गेले आणि बँड आपोआप पडवीत, दाराच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला. त्यांची जागाच ती. इथं त्यांनी किती लग्नं वाजवली असतील त्याला गणती नाही, पण वाद्य घेऊन उंबरा ओलांडायची वेळ कधी आली नव्हती. आत मंगलाष्टकं चालायची आणि बाहेर हे कान देऊन उभे. शेवटच्या अक्षता पडून टाळ्या वाजल्या रे वाजल्या की ढोलावर पहिला दणका गुंडप्पाचा, आणि मागोमाग सगळा बँड. जरा उशीर झाला तर वरमाईपासून वाढप्यापर्यंत सगळ्यांची बोलणी खायची. गुंडप्पा मंगलाष्टकांत उभ्या उभ्या डुलकी काढायचा, पण टाळी त्यानं जन्मात चुकवली नव्हती.

आत श्रीशैल लोकांना समजावून सांगत होता. या संगीतात शेवटाची वाट बघायची नाही. ठेका चालूच राहतो, एकेक जण मध्येच आपल्या मनाचं वाजवून घेतो, त्याचं झालं की तिथल्या तिथं टाळ्या द्यायच्या. छान समजावलं त्यानं. दाराबाहेरच्यांना सांगायचं तेवढं राहून गेलं.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. गुंडप्पाचे डोळे मिटले. शिवलीला ढोलामागे उभी होती आणि तिथंच हॉलची खिडकी होती. आत पिकल्या केसांचा सॅक्सोफोनवाला एक धून घेऊन बसला होता. धून तीच, पण दर खेपेला तो ती नव्या वाटेनं फिरवून घरी आणत होता. शिवलीलाची बोटं क्लॅरनेटवर नुसतीच फिरू लागली. असं वाजवलेलं चालतं? कुणी ओरडत नाही? वरातीत असा फाटा फोडला असता तर नवरदेवाच्या मामानं बँडच बदलला असता. तिला त्या माणसाचा हेवा वाटला, सरळ सरळ हेवा.

सॅक्सोफोन थांबला. आत टाळ्यांचा कडकडाट झाला.

आणि गुंडप्पानं डोळे न उघडताच ढोलावर दणका दिला.

पुढचं कुणाच्या हातात राहिलं नाही. ट्रंपेट, ताशा, क्लॅरनेट, सगळे एकदम सुटले आणि नवरानवरी नसलेल्या कार्यालयात लग्नाची धून दणाणली. आतल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या. एका आजोबांनी तर सवयीनं रिकामी मूठ उधळली. श्रीशैल धावत दारात आला, त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं. "अण्णा, थांबवा, आत वाजवायलेत पाहुणे."

हणमंतप्पांनी हात वर केला. ट्रंपेट विझला, ताशा अडखळला, गुंडप्पानं डोळे उघडले आणि जीभ चावली. त्या शांततेत मागच्या खुर्चीवरचे एक फेटेवाले गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "बायकांला कामून आणतेत बँडात? मग असंच व्हनार."

शिवलीलानं ते ऐकलं. हणमंतप्पांनीही ऐकलं आणि मान खाली घातली. दणका गुंडप्पाचा आणि पेटी हिच्या नशिबी. संपलं सगळं, तिला वाटलं. एक दुपारसुद्धा पुरी मिळाली नाही.

पण आतला ड्रमवाला थांबलेला नव्हता. झांजेवर हलकेच ठेका धरून होता तो. सॅक्सोफोनवाला दाराकडे बघत होता, आणि त्यात राग नव्हता. आता पुढची पाळी कुणाची, एवढंच बघत होता. ठेका चालू आणि जागा रिकामी. शिवलीलाला एकाएकी भयंकर राग आला. फेटेवाल्याचा, बापाचा, वीरेशच्या गालगुंडाचासुद्धा. पेटीतच जायचं असेल तर वाजवून जाऊ.

तिनं क्लॅरनेट ओठाला लावली आणि वाजवतच उंबरा ओलांडला.

नवरीच्या पाठवणीला वाजवतात ती संथ धून तिनं घेतली. पहिल्यांदा सरळ, जशी बापानं शिकवली तशी. मग मधेच वाट सोडली. एक सूर चुकला, कानाला खुपला. पण पुढच्या फेरीत तिनं तोच सूर मुद्दाम पुन्हा लावला, आणि तो तिथलाच वाटायला लागला. सॅक्सोफोनवाला हसला आणि खालच्या सुरात साथ देऊ लागला. मग तिला कुणाची भीती उरली नाही. रडत सासरी निघालेली ती धून तिनं अर्ध्या वाटेवरून माघारी वळवली, नाचवली, पार छताला नेली आणि श्वास संपेपर्यंत तिथंच धरून ठेवली.

टाळ्या पडल्या. मघाशी सांगितल्या म्हणून दिल्या होत्या, तशा या नव्हत्या.

दाराबाहेर बँड वाद्यं खाली धरून उभा होता. गुंडप्पाचा हात टाळ्यांबरोबर आपसूक वर गेला होता आणि तिथंच अडकला होता. पुन्हा चूक करायची त्याची छाती होईना. सगळे हणमंतप्पांकडे बघत होते. म्हाताऱ्यानं मान वर केली. डोळे भरून आले होते, आणि ते पुसायच्या भानगडीत तो पडला नाही.

"कामून थांबलाव रे?" हणमंतप्पा म्हणाले. "टाळ्या पडल्यात न्हवं? वाजवा."

गुंडप्पानं असा दणका दिला की खिडक्यांच्या काचा थरारल्या. आणि त्या कार्यालयात पहिल्यांदाच बँड वाजत वाजत उंबऱ्याच्या आत आला, हणमंतप्पा पुढे, ट्रंपेट उंचावून. शिवलीला, सॅक्सोफोन आणि सगळा बँड मिळून असा काही जल्लोष उठला की लोक खुर्च्यांवरून उठले. फेटेवाले तेवढे बसून राहिले होते, पण पुढच्यांच्या पाठींशिवाय काही दिसेना, तेव्हा तेही उठले. थोड्या वेळानं तेही टाळ्या देत होते.

ऊन उतरल्यावर सगळी माणसं वाचनालयाकडे निघाली. बँड रस्त्यावर रांगेत लागला. शिवलीला मुकाट्यानं ढोलामागे जाऊन उभी राहिली. हणमंतप्पांनी वळून पाहिलं.

"माग कामून उबारलीस?"

"तुमीच म्हनलाव की, अप्पा."

"म्हनलो असंल." त्यांनी तिच्या कोटाची दुमडलेली झालर सरळ केली. "क्लॅरनेटची जागा म्होरं असती. ये."

"अन् वीरेश बरा झाल्यावर?"

"तुज्या माग उबारंल. त्याला मी सांगतो."

ती पुढे आली. समोर कुणाची पाठ नव्हती, नुसता रस्ता होता. तिनं क्लॅरनेट ओठाला लावली, आणि सगळा बँड तिच्या फुंकेची वाट बघत थांबला.