चुकीच्या फांदीवरचा नंबर

मित्रांनो, मी एक जुनी माळीण आहे. पण माझ्या हाताला आजवर माती लागलेली नाही. माझं झाड कॉम्प्युटरच्या आत वाढतं, मूळ वर आणि फांद्या खाली! माझं नाव टीसर्च. प्रोग्राम लिहायच्या सी नावाच्या भाषेसोबत तयार फंक्शनांचं, म्हणजे एकेक काम करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचं, एक मोठं भांडार मिळतं, त्याला लायब्ररी म्हणतात. तिथल्या एका कोपऱ्यात आम्ही चार भावंडं राहतो. मी थोरली. नवी नोंद झाडावर लावणं हे माझं काम. धाकटा टीफाइंड नुसता शोधतो, कशालाही हात लावत नाही. टीडिलीट नको असलेली नोंद अलगद उतरवते. आणि आमचं शेंडेफळ टीवॉक, तो झाडभर हिंडून प्रत्येकाची खबर आणतो.

माझी रीत सोपी आहे. पहिला नंबर येतो तो बुंध्याशी बसतो. त्यानंतर जो येईल त्याला प्रत्येक फाट्यावर विचारायचं, ‘लहान की मोठा?’ लहान असेल तर डावीकडे, मोठा असेल तर उजवीकडे. जागा मिळाली की तिथे टांगायचं. असं झाड असलं की हजार नंबरांतला एक शोधायला दहा-बारा प्रश्न पुरतात. बढाई मारत नाही, पण एकेक कागद उलटत बसणारे अजून चष्मा पुसत असतात, तोवर आमचं काम झालेलं असतं.

दोन गोष्टी मात्र मला जमत नाहीत, त्या आधीच सांगून टाकते. लहान-मोठं माझं मला कळत नाही; ते ठरवणारं छोटं फंक्शन प्रोग्रामरने माझ्या हाती द्यावं लागतं. आणि मी नोंद स्वतःजवळ ठेवत नाही. ती कुठे आहे तो पत्ता तेवढा फांदीवर टांगते.

तुमचे आईबाबा शाळेत जायच्या आधीपासून मी कामाला आहे. तेव्हा एक खोड होती माझ्यात. कोणी चढत्या क्रमाने नंबर दिले की झाडाच्या सगळ्या फांद्या एकाच बाजूला जायच्या आणि त्याचा सरळसोट बांबू व्हायचा. पुढे आमच्या घरच्या कारागिरांनी मला झाड समतोल ठेवायला शिकवलं. ती माझ्या कौतुकाची वर्षं. नंतर नव्या भाषा आल्या, त्यांच्याकडे सगळं आयतं. सी लिहिणाऱ्यांनाही आपलं झाड आपणच लावायची हौस. माहितीपुस्तकातलं माझं पान कोणी उघडेना. मी रुसले नाही. काम येणाऱ्याला काम मिळतंच.

आणि मिळालं. गावाबाहेर हरवलेल्या जनावरांचं एक निवारागृह होतं. तिथे एका जुन्या, कमी ताकदीच्या मशीनवर नोंदी चालायच्या. पाळलेल्या कुत्र्यांच्या कातडीखाली तांदळाएवढी चिप असते. तिचा नंबर मशीनला दिला की मालकाचं नाव आणि फोन मिळतो. तिथल्या प्रोग्रामरताईंनी मला शोधून काढलं, माझं पान नीट वाचलं आणि आम्हा चौघांना कामाला लावलं. तीन वर्षं एकही नंबर चुकला नाही.

मग झिपरी आली. डोळ्यांवर केस आलेली, एका पायाने लंगडणारी कुत्री. पट्टा नाही, पण चिप होती. नंबर ८६१७. टीफाइंड झाडावर जाऊन आला आणि म्हणाला, ‘नाही.’ पिंजरे सांभाळणाऱ्या मामांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. नाही. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, नाही म्हणजे नाही. झिपरी जेवण हुंगायची आणि तोंड फिरवून दाराकडे बघत बसायची. तिथला नियम असा, की दहा दिवसांत मालक सापडला नाही तर जनावर नव्या घरी द्यायचं. दहाव्या दिवशी चार वाजता नवं कुटुंब येणार होतं. मामांनी साडेतीनला ताईंना बोलावून घेतलं.

“ताई, तुमचं मशीन खोटं बोलतंय.”

“मशीन कशाला खोटं बोलेल, मामा?”

“मग मी बोलतोय का? अहो, चिप आहे म्हणजे कोणाची तरी लाडकी आहे ती. चिप काय रस्त्यात चिकटते?”

“बरोबर आहे तुमचं.”

“बंद करून चालू करा. आमच्या घरचा टीव्ही तसाच सुधारतो.”

ताई हसल्या. “तसं केलं तर झाड नव्याने लागेल आणि कदाचित सापडेलही. पण चूक कुठे होती ते कळायचं नाही. पुढच्या महिन्यात दुसरी झिपरी अशीच बसेल.”

“घड्याळाकडे बघा म्हणजे झालं,” मामा पुटपुटले.

ताईंनी टीवॉकला पाठवलं. त्याची एक गंमत आहे. ज्या नोंदीला फांद्या आहेत तिच्याकडे तो तीनदा डोकावतो. दुसऱ्या खेपेला नंबर टिपून घेतला, आणि टोकाच्या पानांचा पहिल्याच खेपेला, तर सगळी यादी चढत्या क्रमाने मिळते. पडद्यावर यादी सरकू लागली. ११९८. १२१५. ८६१७. १३०२.

“थांब!” ताई खुर्चीतून उठल्याच. “ही बया इथे काय करतेय?”

“सापडली?” मामा धावले.

“ती हरवलीच नव्हती, मामा. चुकीच्या फांदीवर बसली होती. हिची चिप बदलली होती का कोणी?”

“हो की! गेल्या महिन्यात. जुनी बिघडली म्हणून डॉक्टरांनी नवी बसवली होती एका कुत्रीला. ती हीच होय? तेव्हा केस कापलेले होते, मी कसा ओळखणार!”

ताईंनी बटणाचा प्रोग्राम उघडून बघितला. मग म्हणाल्या, “चूक माझी आहे. नंबर बदलायचं बटण मीच लिहिलंय. नोंद झाडावर असतानाच मी तिचा नंबर खोडून नवा लिहिला.”

मित्रांनो, कळलं ना? मी ती नोंद १२४० म्हणून लहानांच्या फांदीवर टांगली होती. नंतर कोणीतरी त्या पत्त्यावरचा नंबर बदलला, मला न सांगता. टीफाइंड ८६१७ म्हणून उजवीकडे गेला, आणि ती होती डावीकडे. त्याचं काय चुकलं?

ताईंनी आधी डॉक्टरांच्या वहीतून जुना नंबर घेऊन परत लिहिला, कारण त्याशिवाय टीडिलीटलाही ती सापडली नसती. टीडिलीटने नोंद उतरवली. मग नवा नंबर लिहून ती माझ्या हाती दिली आणि मी तिला मोठ्यांच्या फांदीवर बसवलं. बटणही तसंच दुरुस्त झालं. टीफाइंड गेला आणि फोन नंबर घेऊन आला.

वीस मिनिटांत एक शिलाईवाल्या बाई गळ्यातल्या टेपसकट धावत आल्या. “ठके!” त्यांनी तिला घरच्या नावाने हाक मारली. त्या लंगड्या कुत्रीने अशी उडी मारली की टेप, चष्मा आणि बाई, तिन्ही खाली.

नवं कुटुंबही तोवर पोचलं होतं. त्यांची लहानगी नवा पट्टा छातीशी धरून उभी होती. तिने आईला विचारलं, “ही तिची खरी आई?”

“हो गं राणी.”

तिने पट्टा आईच्या हातात दिला. मग म्हणाली, “मग जाऊ दे. तिला घरी जायचंय.” मामांनी तिचं बोट धरलं आणि ते तिला मागच्या पिंजऱ्यांकडे घेऊन गेले. तिथे खरंच कोणाचं नसलेलं एक पिल्लू होतं.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या प्रोग्राम लिहील, आम्हाला हाक मारील. जरूर मारा, आम्ही चौघं अजून ठणठणीत आहोत. विनंती एकच आहे. जे माझ्या हाती दिलंत, ते माझ्यामागे बदलू नका. बदलायचं तर आधी उतरवा, मग बदला, मग पुन्हा माझ्या हाती द्या. एवढा वेळ काढाच. तुमच्यासाठी तो नुसता नंबर असेल, पण तिकडे पिंजऱ्यात कोणीतरी जेवण सोडून दाराकडे बघत बसलेलं असतं.