अंबूबाईंच्या मेंदूतली काळी पेशी

मी अंबूबाईंच्या मेंदूतली एक पेशी बोलतेय. रंगाने काळसर, खूप आत बसलेली. त्या जन्मल्या त्याच्याही आधीपासून मी आहे. आमच्यातली एखादी मेली, तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

हातापायांची हालचाल सुरळीत व्हावी म्हणून निरोप धाडणं, हे माझं काम. निफाडच्या बागांत अंबूबाई कात्रीने द्राक्षघडांतले मणी विरळ करायच्या, तेव्हा बोटं अशी भराभर चालायची की बाकीच्या बाया बघत राहायच्या.

माझ्या पोटात बारीक यंत्रं आहेत. खराब झालेली प्रथिनं ती मोडून टाकतात. अलीकडे ती थकली आहेत. न मोडलेल्या प्रथिनांची गाठ माझ्यात साचत चालली आहे. शेजारच्या कितीतरी जणी अशाच गुदमरून गेल्या. अंबूबाईंचा उजवा हात थरथरू लागला. त्या तो पदराखाली लपवू लागल्या.

कारण घरात आधीच आजार होता. नवरा सोमनाथ यांना रक्ताचा कॅन्सर. दर आठवड्याला नाशिकला जाऊन पोटात इंजेक्शन. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा समजावलं, "मावशी, या औषधानं कॅन्सरच्या पेशींतली साफसफाई बंद पडते. मग त्या स्वतःच्याच कचऱ्यात मरतात."

सोमनाथ खूश झाले. मी मात्र गार पडले. औषधाविनाच माझं तेच चाललं होतं.

मागच्या मंगळवारी अंबूबाईंच्या हातातला चहा सोमनाथांच्या मांडीवर सांडला.

"तुझा हात लय कापतो. मला दिसत नाय व्हय?"

"दमले हो जरा."

"पुढच्या खेपेला तुझाबी केसपेपर काढू."

"अन् मला काही निघालं तर? तुमचं कोण करणार?" त्या रडायलाच लागल्या.

सोमनाथ त्यांच्याजवळ सरकले. मग म्हणाले, "तू माझं कर, मी तुझं करीन."

काल नाशिकला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे तपासणी झाली. "मावशी, मूठ उघडा, मिटा. भराभर."

मी निरोप धाडला. तो मध्येच अडला. पुन्हा धाडला. मूठ उघडली, पण किती सावकाश!

"हा कंपवात आहे. गोळ्यांनी हालचाल सुधारेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण पेशींचं मरणं थांबवणारं औषध अजून नाही."

पहिली गोळी सोमनाथांनी स्वतः भरवली.

गाठ वाढतेच आहे. मी किती दिवसांची, ठाऊक नाही. अंग काही सांगू लागलं, तर भिऊन गप्प बसू नका. आमची हाक तुमच्यापर्यंत पोचते, तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणी गेलेल्या असतात.