मुळीमहाराजांचं पाऊल

वणीच्या रस्त्यालगतच्या मंडपात दर मंगळवारी पाय ठेवायला जागा नसे. मुळीमहाराज मुळीचं एक वाकडं, तपकिरी पाऊल उंच धरत. "ही हिमालयातली मुळी. हिला सगळं कळतं. श्रद्धा कमी पडली की रुसते." मग ते पाऊल वाफाळत्या परातीत सोडत. कुणी आतून ओढावं तसं ते हळूहळू सरळ होई. शिष्य ते आत नेई आणि पुढच्या खेपेला ते पुन्हा वाकडं असे. भक्तांचं पाप त्यात उतरतं, असं महाराज सांगत. लोक हात जोडत.

नवसाबाईनेही जोडले. तिच्या आशाचं उजवं पाऊल जन्मापासून आत वळलेलं होतं. सरकारी दवाखान्यात दर आठवड्याला नवं प्लास्टर घालणं सुरू केलं होतं, पण पोर सारखी रडे. महाराजांनी प्लास्टर काढायला लावलं आणि तसलंच एक पाऊल दिलं. पोरीचा पाय आणि मुळी रोज एकाच पाण्यात बुडवायची. मुळी सरळ झाली की पायही सरळ होईल.

वर्ष गेलं. कोमट पाण्यात मुळी हलत नसे, म्हणून नवसाबाई पाणी रोज थोडं जास्त तापवू लागली. एका सकाळी मुळी हलली आणि आशाच्या पायाची कातडी सोलून निघाली.

गंगापूर रोडला ती ज्यांच्याकडे स्वयंपाक करी, त्या तेजस्विनी मॅडम कॉलेजात रबर आणि प्लास्टिकचा विषय शिकवत. सगळं ऐकून त्यांनी मुळी मागवून घेतली. गरम पाण्यात मऊ करून वाकवली आणि नळाखाली गार होईपर्यंत तशीच धरली. ती वाकडीच राहिली. पुन्हा गरम पाण्यात टाकली, तर सरळ झाली. मॅडमनी कुठलाही मंत्र पुटपुटला नव्हता.

"हे रबर आणि प्लास्टिकचं मिश्रण आहे, नवसाबाई. आधी सरळच घडवलेलं. वाकवून गार केलं की प्लास्टिक कडक होऊन तो वाक धरून ठेवतं. तापवलं की प्लास्टिक सैल पडतं आणि आत ताणलेलं रबर त्याला मूळ आकारात ओढून आणतं."

"मंग माझ्या पोरीचं पाऊल?"

मॅडमनी मुळी बाजूला ठेवली. "ते कधी सरळ नव्हतंच हो. ते कुठे परत जाणार?"

नवसाबाई आशाला घेऊन पुन्हा सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टर रागावले नाहीत, याचंच तिला जास्त लागलं. जखम भरल्याशिवाय प्लास्टर घालता येणार नव्हतं. एक वर्ष वाया गेलं होतं. आता कदाचित ऑपरेशनही करावं लागेल, असं ते म्हणाले.

पुढच्या मंगळवारी ती गरम पाण्याचा थर्मास आणि गार पाण्याची बाटली घेऊन मंडपात उभी राहिली. सगळ्यांसमोर तिने मुळी दोनदा वाकवली आणि दोनदा सरळ केली. महाराज म्हणाले, बाईला बाधा झालीय. काही लोक उठून गेले. बरेचसे रांगेतच राहिले.

रांगेत एक तरणी बाई आत वळलेल्या पावलाच्या तान्ह्या पोराला घेऊन उभी होती. नवसाबाई तिच्यापाशी गेली.

"मीबी हितंच उभी होते," ती म्हणाली. "मुळी सरळ झाली हे खरं हाय, म्या डोळ्यानं बघितलं. पर का झाली, ते कुणालाच इचारलं नाय. तू इचार, बाई. आन् पोराला आजच दवाखान्यात ने."